नोझल वारंवार ‘कट’ होते? दोष पंपाचा की गाडीचा

मोताळा, प्रतिनिधी : इंधनाचा काटा तळाला टेकलेला असतो. पंपावरील मीटर शून्यावर आणले जाते. तरीही दोन-अडीच लिटर पेट्रोल जाताच नोझलचा खटका ‘टक्’ असा आवाज करून पडतो. कर्मचारी तो पुन्हा दाबतो, खटका पुन्हा पडतो. मागे दुचाकींची रांग वाढू लागते आणि वाहनधारकाच्या मनात पहिली शंका येते ती मापातील गडबडीची. राजूर घाट उतरून मोताळ्यात इंधन घेणारा असो वा मलकापूरला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर थांबणारा, हा अनुभव आलेल्या प्रत्येकाने पंपाशी वाद घालण्यापूर्वी आपली गाडी तपासून पाहणे हिताचे आहे.

नोझल आपोआप बंद होते ते टाकी भरल्याचे ‘कळल्यामुळे’ नव्हे. नोझलच्या टोकाशी एक बारीक छिद्र असते व त्यातून सतत हवा आत ओढली जाते. इंधनाची पातळी छिद्रापर्यंत आली की हवा थांबते, आतील पडदा ओढला जातो आणि खटका सुटतो. टाकी रिकामी असली, पण इंधन भरण्याच्या नळीतच ते तुंबून वर आले, तरी नोझलच्या लेखी टाकी भरलेलीच असते.

इंधन तुंबण्याचे कारण बहुधा हवेत दडलेले असते. टाकीत ३० लिटर पेट्रोल जायचे तर तेवढीच हवा व वाफ बाहेर पडली पाहिजे. त्यासाठी आपल्याकडील बहुतेक गाड्यांत मुख्य नळीला समांतर अशी हवेची एक बारीक नळी असते. ती मुडपली, तिचे रबर आतून सुटले किंवा तिच्यात कचरा अडकला, की हवा त्याच मुख्य नळीतून वर येऊ पाहते आणि पेट्रोलची वाट अडवते. मागील बाजूस धडक बसून दुरुस्ती झालेल्या गाडीत ही शंका सर्वप्रथम घ्यावी.

टाकीतील वाफ शोषून घेणारा कोळशाचा डबा, अर्थात कॅनिस्टर, हा दुसरा संशयित. त्याची हवेची वाट धूळ, चिखल वा कीटकांमुळे बंद होऊ शकते. काळ्या मातीच्या या पट्ट्यात पावसाळ्यातील शेतरस्त्यांवरून फिरणाऱ्या गाड्यांच्या बाबतीत हे विशेष लक्षात ठेवावे. कीटकांचा उल्लेख कुणाला अतिशयोक्ती वाटेल. पण २०११ मध्ये माझ्दा कंपनीने अमेरिकेतील सुमारे ५२ हजार मोटारी परत बोलावल्या त्या कोळ्यांमुळेच. त्यांनी याच हवेच्या नळीत जाळी विणली होती व त्यामुळे टाकीला तडे जाण्याचा धोका निर्माण झाला होता.

खटका पडल्यावरही ‘रकमेचा आकडा पूर्ण करण्यासाठी’ थोडे थोडे पेट्रोल ओतत राहण्याची सवय या डब्याला घातक ठरते. वाफेसाठी असलेल्या कोळशात द्रवरूप पेट्रोल शिरते, तो निकामी होतो आणि नवा डबा बसवण्याचा खर्च त्या चिल्लर रुपयांच्या कित्येक पट निघतो. शिवाय इंधन उसळून बाहेर सांडल्यास आगीचा धोका वेगळाच.

दोष कुणाचा, हे ठरवण्याची रीत सोपी आहे. दुसऱ्या पंपावर, तेही वेगळ्या नोझलने भरून पाहावे. तिथे सुरळीत भरले तर दोष पहिल्या नोझलचा. सर्वत्र तेच घडत असेल तर गाडीचा. नोझल किंचित बाहेर ओढून वा थोडे वळवून धार कमी ठेवल्यास भरत असेल, तर वाट पूर्ण बंद नाही, अरुंद झाली आहे असे समजावे. पेट्रोल भरल्यावर गाडी लवकर सुरू होत नसेल तर कॅनिस्टर व इंजिन यांच्यामधील झडप उघडी अडकल्याची शक्यता असते; मेकॅनिकला हे लक्षण आवर्जून सांगावे. डिझेल गाड्यांत सहसा कॅनिस्टर नसतो. तिथे फेस हे प्रमुख कारण असते, विशेषतः ट्रकसाठीच्या जलद नोझलने मोटार भरली जाते तेव्हा.

नळीत तार खुपसणे किंवा पंक्चरच्या दुकानातील हवेचा जोर टाकीकडे सोडणे, हे उपाय करू नयेत. झडपा फाटतात, प्रसंगी टाकीही फुगते. नळ्या सोडवून तपासण्याचे काम पंपावर नव्हे, तर कार्यशाळेतच व्हावे.

एवढे करूनही मापाची शंका उरलीच, तर ग्राहकाला पंपावर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने तपासणी मागता येते. त्या मापावर वैधमापन विभागाचा शिक्का आहे की नाही, ते आधी पाहावे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपेक्षा अधिक तूट आढळल्यास तक्रार नोंदवावी.