उलटं चालणारं घड्याळ
(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

‘प्रकल्प’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे धरण नाहीतर वीजकेंद्र उभं राहतं. अलीकडे चौथीतली मुलंही प्रकल्प करतात, अर्थात बरेचदा आईच करते. व्यवस्थापनाच्या भाषेत मात्र या शब्दाला नेमका अर्थ आहे. ज्या कामाला ठरलेली सुरुवात आणि ठरलेला शेवट असतो, आणि जे काम अगदी त्याच परिस्थितीत आधी कुणी केलेलं नसतं, तो प्रकल्प. खानावळ चालवणं हा प्रकल्प नाही, कारण आज केलं तेच उद्या करायचं आहे. मुलीचं लग्न हा प्रकल्प. मुहूर्त हलत नाही, पैसे मोजके असतात आणि दुसऱ्या दिवशी कार्यालय रिकामं करून द्यावं लागतं.

लहान उद्योजकांना आणि अभियांत्रिकीच्या मुलांना हा विषय शिकवताना मी परदेशी पुस्तकांतली उदाहरणं बाजूला ठेवतो आणि कोकण रेल्वेचं उदाहरण घेतो. गाड्या चालवणं हे रोजचं काम. रेल्वेमार्ग बांधणं हा प्रकल्प. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत ७४१ किलोमीटरचा मार्ग, ९२ बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल. १९९० मध्ये त्यासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झालं. भांडवलात रेल्वे मंत्रालयाचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के. ई. श्रीधरन हे पहिले अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक. काम पाच वर्षांत पुरं करायचं ठरलं होतं.

श्रीधरन यांनी कार्यालयांत आणि कामाच्या जागी उलटी घड्याळं बसवली, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकली असेल. ही घड्याळं वाजले किती हे सांगत नसत, काम संपायला किती दिवस उरले ते सांगत. लोक याला शिस्तीची हौस समजतात. मला वाटतं, त्यामागे पैशाचा हिशेब होता. भागभांडवल थोडं होतं आणि बाकीचा बराच पैसा कर्जरोख्यांतून उभारलेला होता. गाडी धावेपर्यंत उत्पन्न शून्य, व्याज मात्र रोज चढतं. म्हणून प्रकल्पात वेळ आणि पैसा ही एकाच दोरीची दोन टोकं असतात. तिसरी बाजू म्हणजे आपण काय बांधतो आहोत आणि ते किती चांगलं. यांतली एक बाजू ओढली की उरलेल्या दोन हलतात. घर बांधणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. गणपतीच्या आत राहायला जायचं म्हटलं की गवंडी जास्त लावावे लागतात, नाहीतर वरच्या मजल्याचा विचार सोडून द्यावा लागतो.

आता वेळेबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण बहुतेकांची गफलत तिथेच होते. कामांची यादी करून प्रत्येकापुढे तारीख लिहिली म्हणजे नियोजन झालं, असा समज आहे. आडव्या पट्ट्यांचा तो तक्ता हेन्री गँट या अमेरिकन अभियंत्याने शतकापूर्वी रूढ केला. तो उपयोगी आहेच, पण कुठलं काम कुठल्या कामावर अडून आहे हे त्यातून चटकन दिसत नाही. १९५७ च्या सुमारास ड्यूपाँट या रसायन कंपनीत एक रीत बसवली गेली, तिला ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. स्लॅब टाकला की खालचे टेकू काढायला काही दिवस थांबावंच लागतं, त्याशिवाय खालच्या खोल्यांचं प्लास्टर सुरू होत नाही आणि प्लास्टर वाळल्याशिवाय रंग नाही. ही एक साखळी. कुंपणाची भिंत मात्र आधी बांधा नाहीतर नंतर, घराची तारीख हलत नाही. अशा सगळ्या साखळ्या कागदावर मांडायच्या आणि सर्वांत लांब कुठली ते पाहायचं. तीच तुमची तारीख ठरवते. तिच्यावरच्या कामाला आठवडा उशीर झाला की पूर्ण प्रकल्पाला आठवडा उशीर. इतरत्र थोडी सवड असते.

कोकण रेल्वेवरचा सर्वांत लांब बोगदा रत्नागिरीजवळचा करबुड्याचा, साडेसहा किलोमीटर. घाबरायचं तर त्याला, असं कुणालाही वाटेल. पण तिथे कातळ होता आणि कातळ फोडण्यासाठी स्वीडनहून यंत्रं आणली होती. कामाला अडवलं ते गोव्यातल्या पेडण्याच्या बोगद्याने. लांबी जेमतेम दीड किलोमीटर, पण आत पाण्याने भिजलेली चिकणमाती. जेवढं खणावं तेवढं पुन्हा आत येऊन बसे. त्या एका बोगद्याला सहा वर्षांच्या आसपास लागली. १९९७ मध्ये मुंबईकडून गाडी सावंतवाडीपर्यंत येऊ लागली होती, पण तिला पुढे गोव्यात शिरायला वाट नव्हती. संपूर्ण मार्ग खुला झाला तो २६ जानेवारी १९९८ रोजी. करबुड्यात महिनाभर वाचवला असता तरी ही तारीख बहुधा एका दिवसानेही अलीकडे आली नसती.

म्हणजे प्रकल्प व्यवस्थापकाने कुठे उभं राहायचं, हे सर्वांत मोठं किंवा सर्वांत देखणं काम पाहून ठरत नाही. पानवल नदीवरचा ६४ मीटर उंचीचा पूल पाहायला पाहुणे येतात. व्यवस्थापकाला पेडण्याच्या चिखलात जावं लागतं.

मग हा माणूस करतो तरी काय? तो रूळ टाकत नाही, पुलाची आकडेमोड करत नाही, पैसेही छापत नाही. एका खात्याचं काम संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं, तो सांधा तो सांभाळतो. गावाबाहेर नदीवर पूल बांधून तयार आहे आणि दोन्ही बाजूंना रस्ताच नाही, असं दृश्य आपण पाहिलं असेल. चौकशी केली तर प्रत्येकाचं काम चोख असतं. पूल बांधणाऱ्याने पूल बांधला, जमिनीची फाईल मोजणीला गेलेली आहे, विजेचे खांब हलवण्याचं पत्र दिलेलं आहे. चूक कुणाचीच नाही, आणि गावकरी पावसात वळसा घालून जातात. अख्ख्या पुलाची जबाबदारी असलेला एक माणूस तिथे नसतो, एवढीच उणीव.

कोकण रेल्वेत मार्गाचे सात विभाग पाडले होते. प्रत्येक विभाग एका मुख्य अभियंत्याकडे, आणि बऱ्याचशा निर्णयांचे अधिकारही त्याच्याकडेच, म्हणजे फाईल मुख्यालयात पाठवून उत्तराची वाट पाहायला नको. जमिनीच्या बाबतीत चाळीस हजारांहून अधिक मालकांशी गाठ होती. अधिकारी गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गात पुष्कळांनी कायद्याची सगळी प्रक्रिया संपण्याआधीच जमिनी ताब्यात दिल्या. गोव्यात चित्र वेगळं होतं. खाजण जमिनी आणि जुन्या वस्त्यांजवळून मार्ग नको, तो आतल्या बाजूने न्या, अशी मागणी होती. चळवळ उभी राहिली आणि १९९३ मध्ये केंद्र सरकारने तिथलं काम काही काळ थांबवलं. ज्यांच्या दारावरून प्रकल्प जाणार ते लोकही प्रकल्पाचा भाग असतात. त्यांच्याशी बोलायला लागणारे दिवस वेळापत्रकात आधीच धरायला हवेत, हे माझ्या विद्यार्थ्यांच्या गळी उतरवायला सर्वांत अवघड जातं.

उलट्या घड्याळाची गोष्ट सांगून टाळ्या घेणारे बरेच आहेत. मी पुढचंही सांगतो. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ दरड रुळांवर आली, गाडी घसरली आणि पन्नासहून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी जून महिन्यात महाड तालुक्यात मत्स्यगंधा एक्स्प्रेसला असाच अपघात झाला. डोंगर कापून मार्ग काढला की त्या कापाच्या दोन्ही बाजूंचे उतार प्रकल्पात धरायचे की नंतरच्या देखभालीत, हा प्रश्न कागदावर किरकोळ वाटतो. उतार जास्त तिरके कापायचे तर जमीन जास्त लागते, माती जास्त उचलावी लागते, दिवस वाढतात. मघाशी सांगितलेल्या तीन बाजूंपैकी तिसरी ती हीच, आणि घड्याळावर ती दिसत नाही. कोकणात पुढे वर्षानुवर्षं कापांचं रुंदीकरण करावं लागलं, उतारांवर जाळ्या बसवाव्या लागल्या. पावसाळ्यात या मार्गासाठी वेगळं, कमी वेगाचं वेळापत्रक लागतं, आणि धोक्याच्या ठिकाणी रुळांवरून रात्रभर गस्त चालते.