रिकामी जागा काय काम करते?

दगडासारख्या घट्ट सिरॅमिकमधून ऑक्सिजनचे आयन पलीकडे जातात कसे, हा आजचा आपला प्रश्न.

सकाळची विरार लोकल आठवा. खच्चून भरलेल्या डब्यात कोणी हलत नाही. एक जण उतरला की शेजारचा सरकतो, मग त्याच्या मागचा. रिकामी जागा मात्र उलटीकडे सरकत जाते.

लँथॅनम गॅलेट या पेरोव्हस्काइटमध्ये अशी जागा आपण मुद्दाम भेसळ करून निर्माण करतो. लँथॅनम, गॅलियम यांच्या आयनांवर तीन धन भार. त्यांच्या जागी घातलेल्या स्ट्राँशियम, मॅग्नेशियमवर दोनच. भारांचा हिशेब तर जुळला पाहिजे! म्हणून अशा दर दोन बदलांमागे दोन ऋण भारांचा एक ऑक्सिजन कमी होतो. 20 लँथॅनमपैकी 2 आणि 20 गॅलियमपैकी 4 बदलले, की ऑक्सिजनच्या 60 जागांपैकी 3 मोकळ्या. जपानमध्ये इशिहारा आणि सहकाऱ्यांनी 1994 साली दाखवलं, की हा पदार्थ 800 अंश सेल्सिअसला नेहमीच्या झिर्कोनियापेक्षा चांगला आयनवाहक आहे. इंधन-घट कमी तापमानाला चालला, तर त्याच्या जोडणीला स्वस्त पोलाद चालतं.

मग भेसळ आणखी वाढवावी? नाही. मर्यादेपलीकडे रिकाम्या जागा भेसळीच्या आयनांपाशीच अडकतात, वाहकता घटते. केवळ भार पाहून भागत नाही: कॅल्शियमचा भार स्ट्राँशियमइतकाच, पण लँथॅनमच्या जागी स्ट्राँशियमच सरस ठरतो.

उत्तरकालीन वैशेषिकांनी ‘अभाव’ हा सातवा पदार्थ मानला. पण अभाव कशाचा आणि कुठे, हे सांगावंच लागतं. इथे तो ऑक्सिजनचा, आणि ऑक्सिजनच्याच जागी.