एकाच घरातल्या दोन यंत्रांची गाठ

हॉलमधल्या टेबलावर जुना लॅपटॉप आणि त्याच्यापासून पाच पावलांवर, सोफ्यावर बसलेल्या मुलाच्या हातात फोन. लॅपटॉपवर खेळाचं एक जग सुरू आहे आणि फोनला त्या जगात शिरायचंय. अंतर एवढंसं, तरी फोनमधून निघालेली मागणी लॅपटॉपमधल्या खेळापर्यंत पोचायला वाटेत बऱ्याच जणांची संमती लागते. मे महिन्याच्या सुटीत आमच्या पुण्याच्या घरी ही सगळी संमती गोळा करण्याचं काम माझ्या भाचीने केलं. ती कॉम्प्युटर डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मी शेजारी खुर्ची ओढून बसलो आणि पाहत राहिलो.

खेळासाठी तिने लुआंटी निवडला. माइनक्राफ्टसारखी ठोकळ्यांची जगं उभारायचं हे सॉफ्टवेअर फिनलंडच्या पेर्टू अहोला यांनी २०१० साली सुरू केलं. तेव्हा त्याचं नाव माइनटेस्ट होतं, ते ऑक्टोबर २०२४ मध्ये बदललं. ते मुक्त सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे विकत घ्यावं लागत नाही, आणि लॅपटॉप व अँड्रॉइड फोन दोन्हींवर चालतं. आमच्याकडे सुटीला जमलेल्या पोरांपैकी निम्म्यांकडे फक्त फोन होते, म्हणून हाच सोयीचा. यातलं प्रत्येक जग मध्यापासून सगळ्या दिशांना सुमारे ३१,००० ठोकळ्यांपर्यंत पसरू शकतं, आणि ते अख्खं जग सर्व्हर झालेल्या लॅपटॉपच्या एका फोल्डरमध्ये मावतं. फोनवर त्या जगातलं काही आधीपासून साठवून ठेवावं लागत नाही. दगडाचं चित्र, पाण्याचा आवाज, सगळं सर्व्हर जोडणीच्या वेळी फोनला पुरवतो.

भाचीने ‘होस्ट सर्व्हर’वर खूण केली आणि ‘अनाउन्स सर्व्हर’वरची खूण नाही ना, हे दोनदा पाहिलं. ती खूण असती, तर आमच्या सर्व्हरची नोंद जगभरच्या सार्वजनिक यादीत गेली असती. खाली पोर्टचा आकडा होता ३०,०००. लॅपटॉपवर एका वेळी अनेक प्रोग्राम नेटवर्क वापरत असतात. बाहेरून आलेली माहिती त्यातल्या कोणाच्या हाती द्यायची, ते पोर्टच्या आकड्यावरून ठरतं. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीचा ठरलेला आकडा २५,५६५, लुआंटीचा ३०,०००.

सर्व्हर सुरू झाला. पोरांनी लगेच फोन काढले, पण त्यांच्या या ताईने सगळ्यांना थांबवलं. “आधी जवळून बघायचं, मग लांबून,” ती म्हणाली. त्याच लॅपटॉपवर तिने खेळाची दुसरी खिडकी उघडली आणि पत्ता घातला १२७.०.०.१. प्रत्येक यंत्र स्वतःला या पत्त्याने ओळखतं. ही मागणी वायफायवर जातच नाही, आतल्या आत फिरते. जोडणी झाली, म्हणजे खेळ चालू आहे आणि ३०,००० वर ऐकतोय एवढं नक्की झालं. मग काळ्या खिडकीत ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करून लॅपटॉपला राउटरने दिलेला पत्ता पाहिला: १९२.१६८.१.४०. तो घालूनही जोडणी झाली.

१९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते लाखो घरांत तेच ते असतात. १९९६ च्या फेब्रुवारीत निघालेल्या आरएफसी १९१८ या दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट खासगी वापरासाठी राखून ठेवले, त्यातला हा एक. हे पत्ते बाहेरच्या इंटरनेटवर चालत नाहीत. शेजारच्या फ्लॅटमध्येही एखादं यंत्र १९२.१६८.१.४० असेल, तरी दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही.

आता माझ्या मुलाचा फोन. त्याने पत्ता आणि पोर्ट घातला, जोडणीचं बटण दाबलं. पडद्यावर थोडा वेळ काही हललं नाही आणि मग ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ आलं.

या कामाची खरी गंमत मला इथून पुढे दिसली. लुआंटी यूडीपी नावाच्या पद्धतीने बोलतो. टीसीपी या दुसऱ्या पद्धतीने बोलणाऱ्या खेळांत, समोरच्या यंत्रावर त्या पोर्टवर कोणीच ऐकत नसेल तर बहुतेक वेळा स्पष्ट नकार येतो. त्या नकारातून निदान यंत्रापर्यंत पोचलो हे तरी कळतं. यूडीपीवर चालणाऱ्या या खेळात चुकलेला पत्ता, बंद सर्व्हर, बाहेरून आलेली मागणी अडवणारी फायरवॉल या सगळ्यांचं चिन्ह एकच, शांतता. त्या शांततेचं कारण वेगळ्या वाटेने शोधावं लागतं.

भाचीने स्वतःचा लॅपटॉप घरच्या वायफायवर घेतला आणि १९२.१६८.१.४० ला पिंग केलं. पिंग म्हणजे ‘आहेस का’ एवढंच विचारणारा छोटा संदेश. चार वेळा पडद्यावर आलं, ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. मला वाटलं संपलं, दोन्ही यंत्रांची गाठच पडत नाहीये. तिने मात्र लगेच ‘एआरपी -ए’ ही आज्ञा दिली. पडद्यावर पत्त्यांची यादी आली आणि त्यात १९२.१६८.१.४० समोर बारा अक्षर-आकड्यांचा एक क्रमांक होता.

“मामा, हे बघ. पिंगला उत्तर दिलं नाही, पण हजेरी दिली.”

घरच्या नेटवर्कवर एका यंत्राला दुसऱ्याकडे काही पाठवायचं असेल, तर आयपी पत्ता पुरत नाही. त्याच्या नेटवर्क कार्डाचा क्रमांक लागतो. तो मिळवण्यासाठी वर्गात हजेरी घेतात तसं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं जातं: १९२.१६८.१.४० कोण? ऐकतात सगळे, उत्तर फक्त तो देतो आणि स्वतःचा क्रमांक कळवतो. हा एआरपी नावाचा शिरस्ता १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये आरएफसी ८२६ म्हणून नोंदवला गेला आणि आजही घराघरांत तोच चालतो. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते, खेळ अडवते, पण या हाकेला ओ द्यावीच लागते. नाहीतर त्या यंत्राला नेटवर्कवर कोणी काही पाठवूच शकणार नाही.

त्या यादीतल्या एका ओळीने पुष्कळ शक्यता एकदम निकालात काढल्या. राउटर ठीक, वायफाय ठीक, पत्ता बरोबर. मागणी लॅपटॉपपर्यंत पोचतेय आणि त्याच्या उंबरठ्यावर अडतेय. कारण मग चटकन सापडलं. त्या लॅपटॉपवर घरचं वायफाय ‘पब्लिक’ म्हणून नोंदलेलं होतं आणि लुआंटीला परवानगी होती ती ‘प्रायव्हेट’ नेटवर्कसाठी. रेल्वे स्टेशनवरच्या वायफायवर अनोळखी लोकांपासून सांभाळायला जी खबरदारी हवी, तीच लॅपटॉप घरात पाळत होता. सेटिंगमध्ये जाऊन तिने नेटवर्क ‘प्रायव्हेट’ केलं. फायरवॉल पूर्ण बंद करायचा सोपा उपाय पोरांपैकी एकाने सुचवला होता, तो तिने साफ नाकारला. मुलाने पुन्हा बटण दाबलं, चित्रं उतरवून घेणारी पट्टी भरत गेली आणि तो गवतावर उभा होता.

नाशिकहून आलेल्या मावसभावंडांचे फोन मात्र अजून बाहेरच होते. इंटरनेट त्यांच्याकडे जोरात चालत होतं, व्हिडिओ न अडखळता दिसत होते. “इंटरनेट चालतंय म्हणजे घरातलं नेटवर्क चालतंय असं नाही,” भाची म्हणाली आणि तिने पुन्हा तीच परीक्षा घेतली. यावेळी तिने आपला लॅपटॉप पाहुण्यांसाठीच्या ‘गेस्ट’ वायफायवर नेला, कारण ती पोरं त्यावर होती. पिंगचं उत्तर बदललं: ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’. हे उत्तर कोणी दिलं ते तिने बोट ठेवून दाखवलं. पत्ता तिच्याच लॅपटॉपचा होता. म्हणजे लॅपटॉप स्वतःलाच सांगत होता की हाक मारली, पण कोणी ओ दिली नाही. यादीतही क्रमांक नव्हता. आधीच्या ‘टाइम्ड आउट’मध्ये आणि या ‘अनरीचेबल’मध्ये जमीनअस्मानाचा फरक आहे, तो मला त्या दिवशी कळला. पहिल्यात समोरचं यंत्र भेटलं होतं आणि गप्प होतं. दुसऱ्यात ते भेटलंच नाही.

गेस्ट वायफाय असंच वागायला हवं. पाहुण्याला इंटरनेट मिळावं, पण घरातला प्रिंटर, कॅमेरा, लॅपटॉप दिसू नये, म्हणून राउटर तिथल्या यंत्रांना वेगळं ठेवतो. अनोळखी माणसासाठी ते योग्यच आहे. मावसभावंडांना घरच्या वायफायचा पासवर्ड दिला आणि तीही आत आली.

संध्याकाळी मोठ्यांनी टीव्ही लावला, तेव्हा पोरांनी लॅपटॉप मागच्या खोलीत हलवला. तिथे रेंज कमी म्हणून आम्ही कधीतरी दुसरा राउटर बसवलेला आहे. मागच्या खोलीतली पोरं खेळत राहिली, हॉलमधल्यांचं जोडणं बंद पडलं. दुपारी उलट होतं. लॅपटॉप हॉलमध्ये असताना मागच्या खोलीतूनही तो सापडत होता. एकाच दिशेने चालणाऱ्या या रस्त्याचं कारण असं, की दुसऱ्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार केलं होतं, १९२.१६८.०. ने सुरू होणारं. आतून बाहेर जाणारी मागणी तो स्वतःच्या नावावर पुढे पाठवतो आणि आलेलं उत्तर ज्याचं त्याला देतो. बाहेरून आपणहून आलेली मागणी आत कोणाला द्यायची, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं, म्हणून ती तो टाकून देतो. भाचीने त्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडवर टाकलं. आता पत्ते वाटायचं काम एकट्या हॉलमधल्या राउटरकडे राहिलं आणि घरात एकच नेटवर्क झालं. त्याच वेळी तिने हॉलमधल्या राउटरमध्ये लॅपटॉपच्या कार्डाचा क्रमांक नोंदवून १९२.१६८.१.४० हा पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवला. राउटर पत्ते ठराविक मुदतीसाठी देतो. नोंद नसती, तर एखाद्या सकाळी तो पत्ता दुसऱ्याच यंत्राकडे गेला असता आणि पोरं चुकीच्या जागी हाका मारत बसली असती.

मग एका दुपारी वळवाचा पाऊस आला आणि लाइट गेली. हॉलमधला राउटर छोट्या यूपीएसवर, लॅपटॉप बॅटरीवर, पण इमारतीत बाहेरून येणारी जोडणी बंद. घरात नेट नाही. फोनांनी ‘नो इंटरनेट’ दाखवलं आणि त्यातले काही आपोआप मोबाइल डेटावर गेले. मोबाइल डेटावर १९२.१६८.१.४० ला काही अर्थ नाही, म्हणून ते खेळातून बाहेर फेकले गेले. ताईने सांगितलं, “डेटा बंद करा, वायफायवरच राहा.” ते परत आले. बाहेर वीज कडकडत होती, इंटरनेटचा एक कणही घरात येत नव्हता आणि पोरं मिळून पूल बांधत होती.

हे जमलं, कारण लुआंटीत खेळाडूचं नाव आणि पासवर्ड सर्व्हरवरच तपासला जातो. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीत सर्व्हर घरचा असला, तरी नेहमीच्या सेटिंगमध्ये नव्याने आत येणाऱ्याची ओळख कंपनीच्या यंत्रणेकडून पटवून घ्यावी लागते, आणि त्यासाठी इंटरनेट लागतंच.

नाशिकला परत गेल्यावर पोरांना तिथून याच जगात यायचं होतं. तो रस्ता अवघड आहे. पुष्कळ इंटरनेट सेवा आता अनेक ग्राहकांमागे मिळून एकच सार्वजनिक पत्ता ठेवतात, आणि आपल्या राउटरला १००.६४ ते १००.१२७ यांच्या दरम्यान सुरू होणारा, याच कामासाठी २०१२ साली राखून ठेवलेला पत्ता मिळतो. मग आपल्या राउटरवर पोर्ट उघडूनही बाहेरून कोणी पोचत नाही, कारण खरा सार्वजनिक पत्ता आपल्या हातात नसतो. ओळखीच्या यंत्रांपुरतं खासगी आभासी नेटवर्क हा त्यावरचा एक मार्ग आहे. भाचीने मात्र त्यांना दुसरंच सुचवलं: तुम्ही तुमच्या घरी तुमचा सर्व्हर लावा. काही दिवसांनी त्यांचा फोन आला, तेव्हा ‘गेम चालत नाहीये’ अशी तक्रार नव्हती. “ताई, यादीत नंबर दिसतोय, म्हणजे फायरवॉलच ना?” असा प्रश्न होता.

मला या सगळ्या खटाटोपाचं मोल तिथे वाटतं. आपली मुलं ज्या नेटवर्कवर दिवसभर वावरतात ते त्यांच्या लेखी एकसंध असतं, चालू किंवा बंद, आणि बंद असलं की मोठ्यांवर किंवा कंपनीवर चिडायचं. घरातला सर्व्हर जोडताना तेच नेटवर्क भागाभागांत दिसू लागतं. प्रत्येक भागाला नेमका प्रश्न विचारता येतो आणि उत्तर ऐकून एकेक शक्यता बाजूला ठेवता येते. जवळून सुरुवात करून एकेक पाऊल बाहेर जायची ही शिस्त पुढे कुठल्याही दुरुस्तीला उपयोगी पडते.

शिवाय इथे यजमान आपण असतो. जगाच्या फोल्डरची पेनड्राइव्हवर प्रत कोणी करायची, दुसऱ्याने बांधलेलं पाडलं तर काय करायचं, कोणाला जादा अधिकार द्यायचे, हे आमच्या पोरांनी भांडून, समजूत घालून ठरवलं. विकतच्या सर्व्हरवर हे नियम दुसरं कोणीतरी करतं. ज्यांच्या घरी जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय, त्यांनी येत्या सुटीत तो मुलांच्या हाती द्यावा आणि पहिली जोडणी अडली की ती आपण सोडवून देण्याची घाई करू नये. पडद्यावर नक्की काय लिहून आलंय, ते मुलांना मोठ्याने वाचायला लावावं. अर्धं उत्तर त्या ओळीतच असतं.