पेटी ऑफिसरचा दिवस: हुकूम आहे, शिक्षा नाही

मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात धक्क्याला लागलेल्या एका फ्रिगेटवर अडीचशेच्या आसपास माणसं राहतात. त्यांत अधिकारी थोडे, बाकी सगळे नाविक. नाविकांमध्ये दुसऱ्याला काम सांगण्याची जबाबदारी सुरू होते ती लीडिंग या हुद्द्यापासून. त्याच्या बाहीवर एक नांगर असतो आणि लष्करातल्या नाईकाशी त्याची बरोबरी होते. त्याच्या वरचा पेटी ऑफिसर हवालदाराच्या बरोबरीचा, बाहीवर एकमेकांना छेद देणारे दोन नांगर. जहाजावर त्याला सगळे पीओच म्हणतात. तो अधिकारी नाही, नाविकच आहे. 1957 च्या नौदल कायद्याप्रमाणे त्याचा योग्य हुकूम मोडणं हा गुन्हा ठरतो, पण मोडणाऱ्याला शिक्षा देण्याचा अधिकार त्याच्याकडे नाही. हे बाहेरच्यांना चमत्कारिक वाटतं. मला ते नौदलातल्या फार शहाण्या व्यवस्थांपैकी एक वाटतं. जहाज बंदरात असताना डेकवरच्या पीओचा साधा दिवस कसा जातो, ते सांगतो.

पहाटे 5.30

पाइप, म्हणजे बोसनची शिट्टी, वाजण्याआधी पीओ उठलेला असतो. दाढी, आंघोळ, धुतलेली डांगरी आणि मग थेट गँगवे, म्हणजे जहाजावर चढण्या-उतरण्याची जागा. तिथे पहाटेच्या वॉचवर उभा असलेला लीडिंग त्याला रात्रीचा हिशेब देतो: कोण उशिरा आला, कोणाला ताप आहे, कुठला पंप बंद पडला. भरतीची वेळ फळ्यावर लिहिलेली असतेच. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं. उघड्या धक्क्याला बांधलेल्या जहाजाचे दोर त्यामुळे वेळच्या वेळी सैल करावे लागतात किंवा ताणावे लागतात. रात्री ते केलं का, हे पीओ विचारत नाही. तो स्वतः पुढून मागपर्यंत चालत जाऊन प्रत्येक दोरावर हात ठेवून बघतो.

6.00

कॉल द हँड्स. बोसनची शिट्टी स्पीकरवरून सगळ्या मेस डेकवर घुमते. तीन मजली बंकांतून पाय खाली येऊ लागतात आणि एखादा पडदा तसाच बंद राहतो. आत नुकताच आलेला अग्निवीर झोपलेला असतो. पीओने तो पडदा स्वतः ओढायचा नाही. त्या मेसला लीडिंग आहे, मुलाला उठवणं त्याचं काम आहे. पीओ लीडिंगकडे फक्त बघतो आणि पुढे जातो. लीडिंगला डावलून पीओने थेट खालच्या मुलाला झापलं की त्या लीडिंगचं मेसमध्ये कोणी ऐकत नाही. लीडिंगलाच काही सुनवायचं असेल तर ते दोघांत, दार लावून.

7.00

झाडलोट, न्याहारी. रात्रभराची सुटी सकाळी संपते आणि आज एक मुलगा चाळीस मिनिटं उशिरा येतो. लोकल बंद होती, म्हणतो. गँगवेच्या वहीत वेळ लिहिली गेली आहे. ती कोणी खोडत नाही, पीओसुद्धा नाही.

8.00

कलर्स. क्वार्टरडेकवर निशाण चढतं. 2 सप्टेंबर 2022 पासून या निशाणाच्या निळ्या अष्टकोनाला शिवछत्रपतींच्या राजमुद्रेचा आधार आहे. निशाण चढण्याआधीच्या पाच मिनिटांत पीओने आपल्या ओळीवरून नजर फिरवलेली असते: बूट, केस, दाढी. नौदलात दाढी ठेवता येते, पण अर्ज करून, परवानगी घेऊन. ‘दोन दिवस वेळ मिळाला नाही’ म्हणून वाढलेली दाढी त्यात बसत नाही. अशा मुलाला तो ओळीतून खाली पाठवतो आणि दाढी करून पुन्हा आपल्यासमोर उभं राहायला सांगतो. प्रकरण तिथेच संपतं. त्यासाठी कागद लागत नाही.

8.15

कामाची वाटणी. आज शिपसाइडला, म्हणजे जहाजाच्या बाहेरच्या अंगाला, रंग द्यायचा आहे आणि मास्टवर चढून एका अँटेनाची जोडणी तपासायची आहे. दोन्ही कामं ऐकायला किरकोळ वाटतात, पण माणूस मारायला दोन्ही पुरेशी आहेत. मास्टवर कोणी चढणार असेल तर त्याआधी रडार आणि ट्रान्समीटर बंद झाले पाहिजेत आणि ते खाली कोणी चुकूनही चालू करणार नाही याची लेखी खात्री झाली पाहिजे. रेडिओ लहरींनी माणूस भाजतो. समोर नुसता फिरलेला अँटेनाही त्याला खाली ढकलू शकतो. हार्नेस, हेल्मेट, हत्यारांना बांधलेली दोरी आणि खाली उभा राहून फक्त वर बघणारा एक माणूस, एवढं झाल्याशिवाय पीओ शिडीला हात लावू देत नाही.

याच तासाला वरून घाई येते. दुपारी कोणीतरी पाहुणे यायचे असतात, रंग बारापर्यंत व्हायला हवा असतो. एक हार्नेस दुरुस्तीला गेलेला असतो आणि कोणीतरी म्हणतं, दहा मिनिटांचं तर काम आहे. पीओची खरी परीक्षा खालच्या मुलांसमोर होत नाही, ती इथे होते. ‘सर, हार्नेसशिवाय मी माणूस उतरवणार नाही’ हे वाक्य त्याला वरच्या माणसाला, नम्रपणे आणि न अडखळता बोलता आलं पाहिजे. ज्याला ते येत नाही त्याने हे दोन नांगर मिरवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं हे ऐकत असतात. पुढे वादळी समुद्रात याच पीओने ‘डेकवर चला’ म्हटलं की ती निघतात, कारण नको तिथे तो आपल्याला पाठवणार नाही हे त्यांनी पाहिलेलं असतं.

10.00

स्टँड ईझी. चहा. पंधरा मिनिटं कोणी कोणाला काम सांगत नाही. अग्निवीर मात्र पीओभोवती गोळा होतात. ओडिशातल्या चिल्कामधून त्यांची पहिली तुकडी मार्च 2023 मध्ये बाहेर पडली, त्यात मुलीही होत्या. चार वर्षांची नोकरी, शेवटी पंचवीस टक्क्यांपर्यंत कायम होणार. त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: आपण राहणार का? आपण राहायचं तर शेजारच्या बंकवरच्याने जायचं, असा हिशेब मनात सुरू झाला की दोस्तीत खडा पडतो. पीओला हे रोज मोडून काढावं लागतं. एक गाठ येणाऱ्याला तो दुसऱ्याला शिकवायला बसवतो आणि शिकवणाऱ्याच्या नावापुढे आपल्या वहीत चांगली नोंद करतो. हे तो सगळ्यांना सांगून करतो.

11.00

शिस्तीची बाजू इथे उघड दिसते. सकाळी उशिरा आलेला मुलगा ऑफिसर ऑफ द डे, म्हणजे त्या दिवसाच्या ड्यूटीवरचा अधिकारी, याच्या टेबलापाशी उभा राहतो. टोपी काढलेली, हात बाजूला. आरोप वाचला जातो. शिस्तीचं काम बघणारा रेगुलेटिंगचा माणूस वहीतली वेळ सांगतो. प्रकरण छोटं असेल तर इथेच मिटतं, नाहीतर एक्सओकडे, म्हणजे जहाजावरच्या दुसऱ्या क्रमांकाच्या अधिकाऱ्याकडे, आणि गंभीर असेल तर कमांडिंग ऑफिसरकडे, म्हणजे कॅप्टनकडे जातं. जहाजाच्या कॅप्टनला झटपट सुनावणीत तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा डिटेन्शन देता येते. रजा बंद, जादा काम आणि कवायत, पगारातून कपात, पदावनती, अशी बाकीची उतरंडही कायद्यात आणि नियमांत ठरलेली आहे. या सगळ्या उतरंडीत पीओचं नाव कुठेच नाही. तो साक्ष देतो, एवढंच.

पण या ‘एवढंच’मध्ये फार वजन आहे. टेबलापाशी कोण येणार, हे पुष्कळदा त्याने डेकवरच ठरवलेलं असतं. दोर वेडावाकडा गुंडाळला, बंक अस्ताव्यस्त ठेवला, फॉल इनला दोन मिनिटं उशीर केला, असल्या गोष्टी वर पाठवणारा पीओ आपलंच काम दुसऱ्यावर ढकलतो. त्या जिथल्या तिथे निस्तराव्यात आणि चुकीला साजेशा रीतीने. दोर चुकला तर दोरच पुन्हा गुंडाळायला लावायचा. दोरासाठी डोक्यावर रायफल धरून धक्क्यावर पळवायचं नाही. तसं पळवणं ही शिक्षा झाली आणि ती त्याच्या हातात नाही. पोरं घडतात म्हणून बेडूकउड्या मारायला लावणारे, आईबहिणीवरून शिव्या देणारे काही जण मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताखाली कोणी घडलेलं पाहिलं नाही. हाताखालच्या माणसाशी क्रौर्याने वागणं हा त्याच नौदल कायद्याखाली स्वतंत्र गुन्हा आहे.

उलट काही गोष्टी डेकवर कधीच मिटवायच्या नाहीत. वॉचवर झोप, ड्यूटीवर दारू, चोरी, उगारलेला हात, महिला नाविकाशी गैरवर्तन. तिथे ‘मुलगा चांगला आहे, जाऊ द्या’ म्हणणारा पीओ दयाळू नसतो. झोपलेल्या वॉचमुळे ज्यांचा जीव धोक्यात आला त्या बाकीच्या अडीचशे जणांवर तो अन्याय करत असतो.

आजच्या मुलाबद्दल पीओने न्याहारीनंतर एक काम केलेलं आहे. त्या पहाटे हार्बर लाइन खरंच बंद होती का, हे त्याने विचारून घेतलं. ती बंद होती, पण पहाटे पाचपर्यंतच. पीओ दोन्ही गोष्टी सांगतो: लोकल बंद होती हेही आणि नंतर सुरू झाली हेही. शिवाय मुलाची गेल्या वर्षभराची वागणूक. समज देऊन मुलाला सोडतात. बाहेर आल्यावर पीओ त्याला काही बोलत नाही. जे सांगायचं ते टेबलापाशी सांगून झालेलं असतं.

12.30

जेवण. पीओ आपल्या मेसमध्ये जाण्याआधी मुलांच्या रांगेतून एक चक्कर मारतो आणि भात शिजलाय का, भाजीला वास येतोय का ते बघतो. जेवणाची तक्रार हसण्यावारी न्यायची नसते, हे मुंबईच्या नौदलाने फार महागात शिकून घेतलं आहे. 18 फेब्रुवारी 1946 ला कुलाब्यातल्या ‘तलवार’ या तळावर नाविकांनी संप पुकारला, तेव्हा निकृष्ट जेवण आणि गोऱ्या अधिकाऱ्यांची अपमानास्पद भाषा ही त्यामागची तातडीची कारणं होती. दोन-तीन दिवसांत कित्येक जहाजं आणि तळ त्यात उतरले, मुंबईचे गिरणी कामगार रस्त्यावर आले, गोळीबारात दोनशेहून अधिक माणसं गेली. संप समितीचा अध्यक्ष होता लीडिंग सिग्नलमन एम. एस. खान आणि उपाध्यक्ष पेटी ऑफिसर टेलिग्राफिस्ट मदन सिंग. म्हणजे एका नांगराचा माणूस आणि दोन नांगरांचा माणूस. खालच्या मेसमधला संताप सर्वांत आधी याच पायरीवर कळतो. तो वर पोचवायची वाट बंद झाली की काय होतं, ते कुलाब्यातल्या नौदल उठावाच्या स्मारकापाशी उभं राहून कोणीही आठवावं.

2.00

वहीचा तास. डिव्हिजनल ऑफिसरला, म्हणजे तुकडीच्या अधिकाऱ्याला, आपल्या माणसांची माहिती लागते आणि ती त्याला देणारा पीओ असतो. कोणाच्या बहिणीचं लग्न आहे, कोणाच्या वडिलांचं ऑपरेशन, कोणी मोबाइलवरच्या ॲपमधून कर्ज काढून बसला आहे. कर्जाची गोष्ट मुलं लपवतात. पण पगाराच्या आठवड्यात कँटीनला न जाणारा, सुटीला बाहेर न पडणारा मुलगा पीओच्या नजरेतून सुटत नाही. तो त्याला रंगाच्या स्टोअरमध्ये काहीतरी मोजायला घेऊन बसतो आणि मोजता मोजता विचारतो. मग दोघं मिळून डिव्हिजनल ऑफिसरकडे जातात. रजेचा अर्ज असेल तर शब्द नीट आहेत का, तारखा बरोबर आहेत का, हे पीओ आधी बघतो. चांगला अर्ज चुकीच्या तारखेने परत आला तर त्याला स्वतःचीच लाज वाटते.

4.00

लिबर्टीवाले, म्हणजे सुटी मिळालेले, बाहेर पडतात, ड्यूटी वॉच उरते. आता माणसं कमी आणि जहाज तेवढंच मोठं. बंदरातलं जहाज सुरक्षित असतं हा समज खोटा आहे. दुरुस्तीच्या काळात वेल्डिंग चालू असतं, केबल पसरलेल्या असतात, दारं उघडी असतात. 21 जुलै 2024 च्या संध्याकाळी याच डॉकयार्डात आयएनएस ब्रह्मपुत्रला आग लागली. आग विझली, पण जहाज एका कुशीवर कललं आणि एका लीडिंग सीमनला प्राण गमवावे लागले. म्हणून ड्यूटी पीओ रोज फायर पार्टीची नावं वाचून दाखवतो. होज कोण धरणार, श्वसनयंत्र कोण घालणार, वीज कोण तोडणार, हे प्रत्येकाने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. मग अलार्म, धावपळ, आणि घड्याळ पीओच्या हातात. वेळ जास्त लागला की पुन्हा. मुलं कुरकुरतात. कुरकुरू द्यावीत, पण दुसऱ्यांदा पळवावंच. ही शिक्षा नव्हे, हा सराव आहे. यातला फरक त्यांना माहीत असतो, कारण पीओही त्यांच्याबरोबर धावतो.

9.00

रात्रीचे राउंड्स. ऑफिसर ऑफ द डे पुढे, पीओ हातात टॉर्च घेऊन मागे. मेस आवरलेले, भांडी जागेवर, हवाबंद दारांच्या कड्या लागलेल्या. एका दाराची कडी सैल निघते. पीओ ती त्या मेसच्या लीडिंगला दाखवतो आणि त्याने ती स्वतः घट्ट करेपर्यंत तिथेच थांबतो.

10.00

पाइप डाउन. झोपायची वेळ.

महाराष्ट्रातल्या ज्या घरांतून मुलं-मुली नौदलात जात आहेत, त्यांना माझी एक विनंती आहे. मुलगा कोणत्या जहाजावर आहे हे विचारता, तसं त्याचा लीडिंग कोण, पीओ कोण, हेही विचारा. आणि त्याला एवढं सांगून ठेवा: पीओचा हुकूम मानायचाच, पण अन्याय झाला असं वाटलं तर रीतसर दाद मागायचा हक्क नौदल कायद्याने त्याला दिला आहे. ती तक्रार अडवण्याचा अधिकार त्याच्या पीओला नाही.