जपानहून जुनी लेन्स मागवताना

परवा फोटोवॉकला एका मुलीच्या सोनी कॅमेऱ्यावर जुनी सुपर टाकुमार ५० मिमी एफ/१.४ पाहिली. ईबेवर जपानी विक्रेत्याकडून स्वस्तात घेतलेली. काच पिवळट, म्हणून ती खट्टू झाली होती.

पण यात फसवणूक नाही! या लेन्सच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियमयुक्त काच आहे. ती वर्षं जातील तशी पिवळी पडते. अतिनील दिव्याखाली काही दिवस ठेवली की बराच पिवळेपणा जातो.

खरी भीती बुरशीची. जाहिरातीच्या शीर्षकात 'मिंट' (म्हणजे नव्यासारखी) असलं तरी खालचं वर्णन शब्दन् शब्द वाचा. फंगस, हेझ, काचेवरचे ओरखडे याबद्दल तिथे बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं. काचेतून टॉर्च मारून काढलेला फोटो मागा. आपल्या पावसाळ्यात थोडीशी बुरशीही पसरायला वेळ लागत नाही.

माउंटही बघा. एम४२ माउंटची लेन्स मिररलेसवर साध्या अडॅप्टरने छान चालते. निकॉनच्या डीएसएलआरवर मात्र साध्या अडॅप्टरने दूरचं फोकस होत नाही.

कस्टम ड्यूटी वस्तूची किंमत, विमा आणि वाहतूक खर्च मिळून होणाऱ्या रकमेवर लागते, त्यामुळे हिशोब आधीच करा. पार्सलवर 'गिफ्ट' लिहायला सांगू नका, ती खोटी माहिती ठरते.

आणि बॉडी घेणार असाल तर मेनूची भाषा विचारा. जपानसाठीच्या अनेक सोनी कॅमेऱ्यांत फक्त जपानी असते.

कोणती लेन्स घ्यायचा विचार आहे? कॅमेऱ्याचं मॉडेल सांगून बिनधास्त विचारा.