नव्या सालाच्या गाडीसाठी थांबावे काय?

डिसेंबर उजाडला की व्यापारी घरांतून एक चर्चा हमखास सुरू होते. गाडी पसंत झालेली असते, बुकिंगची रक्कम भरलेली असते आणि शोरूममधून 'गाडी तयार आहे, केव्हा नेता?' अशी विचारणाही झालेली असते. वडील म्हणतात, वर्षअखेरची सवलत आहे तोवर घेऊन टाकू. मुलगा म्हणतो, पप्पा, पंधरा दिवस थांबलो तर गाडी नव्या सालाची होईल, विकताना भाव चांगला येईल. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघांच्याही हिशेबात एकेक नोंद राहून गेलेली असते. बँकेत वाहनकर्जाचे प्रस्ताव तपासण्यात माझी बरीच वर्षे गेली. त्या अनुभवाच्या आधारे हा हिशेब वाचकांपुढे मांडावासा वाटतो.

ज्या देशात पाटीच वय सांगते

हा प्रश्न सर्वांत तीव्र स्वरूपात दिसतो तो ब्रिटनमध्ये. लंडन किंवा लेस्टर येथे स्थायिक झालेल्या आपल्या नातेवाइकांना तो चांगला परिचित असेल. तेथे गाडीच्या क्रमांकातच तिचे वय लिहिलेले असते. २००१ पासून चालू असलेल्या पद्धतीनुसार मार्च ते ऑगस्ट या काळात नोंदलेल्या गाडीवर त्या वर्षाचे अंक येतात आणि सप्टेंबरपासून त्यात ५० मिळवले जातात. म्हणजे मार्च २०२६ ची गाडी '२६' आणि सप्टेंबर २०२६ ची '७६'. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही गाडी किती जुनी हे एका दृष्टिक्षेपात कळते. साहजिकच फेब्रुवारीत तेथील विक्री मंदावते आणि मार्चमध्ये उसळते. शेजारच्या आयर्लंडमध्ये १९८७ पासून क्रमांकाच्या आरंभीच वर्ष लिहिले जाते. २०१३ साली त्यांनी वर्षाचे दोन भाग करून '१३१' व '१३२' अशी योजना केली. विक्री वर्षभर विभागली जावी हा एक हेतू होताच. शिवाय '१३' हा अशुभ अंक पाहून ग्राहक बिचकतील, ही विक्रेत्यांची चिंताही त्यामागे होती. मुहूर्त पाहणारे केवळ आपणच आहोत असे नाही!

आपल्याकडे मात्र पाटी वयाविषयी मौन बाळगते. 'एमएच' पुढे येणारे अंक परिवहन कार्यालयाचा संकेत सांगतात, सालाचा नाही. अपवाद २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'बीएच' मालिकेचा. तिच्या आरंभी नोंदणीचे वर्ष असते. पण ती सरकारी व सार्वजनिक क्षेत्रातील कर्मचारी, तसेच चार वा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी आस्थापनांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. स्वतःची पेढी चालवणाऱ्यास तिचा सहसा उपयोग नाही. तेव्हा केवळ पाटीसाठी थांबण्याचे कारण आपल्याकडे उरत नाही. थांबायचे ते नोंदणी प्रमाणपत्रावरील तारखेसाठी.

एका गाडीच्या दोन जन्मतारखा

येथेच मुलाच्या हिशेबातील राहून गेलेली नोंद सापडते. नोंदणी प्रमाणपत्रावर, म्हणजे आपल्या नेहमीच्या भाषेत आरसी बुकावर, दोन तारखा असतात. एक नोंदणीची आणि दुसरी गाडी कारखान्यात तयार झाल्याच्या महिन्याची व वर्षाची. चॅसिस क्रमांकातही निर्मितीचा महिना व वर्ष सांकेतिक अक्षरांत दडलेले असते. नोंदणीची तारीख आपल्या हाती आहे, निर्मितीची नाही. नोव्हेंबरात तयार झालेली गाडी विक्रेत्याच्या आवारात धूळ खात उभी ठेवून जानेवारीत नोंदवली, तरी ती नोव्हेंबरचीच राहते.

जुनी गाडी तारण ठेवून कर्ज मागितले की मूल्यमापन करणारा दोन्ही रकाने पाहतो. चोखंदळ खरेदीदारही आता तेच करतो. त्यामुळे जुन्या निर्मितीची गाडी नव्या सालात घेणाऱ्याची दोन्हीकडून हानी होते. वर्षअखेरची सवलत जाते आणि नव्या सालाचा पूर्ण भावही मिळत नाही. थांबायचेच असेल तर नव्या वर्षात तयार झालेलीच गाडी मिळेल, असे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. ती शोरूमपर्यंत पोहोचण्यास जानेवारीचा उत्तरार्ध किंवा फेब्रुवारीही उजाडू शकतो. दरम्यान कंपन्या जानेवारीत बहुधा किंमत वाढवतात, आणि बुकिंगच्या कागदावर 'डिलिव्हरीच्या दिवशी लागू असलेली किंमत' असे कलम बारीक अक्षरांत असते. ते वाचल्याशिवाय थांबण्याचा निर्णय घेऊ नये.

आकडे काय सांगतात?

आता वडिलांच्या बाजूचा हिशेब पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी गृहीत धरले आहेत. वाचकांनी आपापल्या गाडीचे आकडे त्या जागी घालावेत.

समजा, गाडीची किंमत १२ लाख रुपये आहे आणि डिसेंबरात ४५,००० रुपयांची सवलत मिळते. तीन वर्षांनी गाडी विकताना एका सालाच्या फरकाने ६०,००० रुपये कमी येतील असे धरू. वरवर पाहता थांबण्यात १५,००० रुपयांचा लाभ आहे. परंतु सवलत आज हातात पडते आणि ६०,००० तीन वर्षांनी. द.सा.द.शे. ८ टक्के दराने त्या ६०,००० चे आजचे मूल्य सुमारे ४७,६०० रुपये भरते. म्हणजे दोन्ही पारडी जवळजवळ समान झाली.

हीच गाडी आठ वर्षे वापरली तर? गाडी जुनी होत जाते तसतसा एका सालाचा फरक रुपयांत आक्रसत जातो. तो २५,००० धरला तर त्याचे आजचे मूल्य जेमतेम १३,५०० रुपये होते. त्यासाठी ४५,००० ची सवलत सोडणे हा व्यापाऱ्याला शोभणारा सौदा नव्हे.

यातून साधा नियम निघतो. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलणाऱ्याने सालाचा विचार करावा. गाडी जीर्ण होईपर्यंत वापरणाऱ्याने सवलत घ्यावी आणि निश्चिंत व्हावे. वडिलांच्या हिशेबात राहून जाते ती हीच नोंद, की गाडी घरात किती वर्षे राहणार आहे.

कमुरता, पाडवा आणि ३१ मार्च

आपल्या अनेक घरांत साधारण १६ डिसेंबर ते १४ जानेवारी हा धनुर्मासाचा काळ, ज्याला कोणी कमुरता तर कोणी मलमास म्हणतात, नव्या खरेदीसाठी वर्ज्य मानला जातो. नेमक्या याच काळात सवलती सर्वाधिक असतात. घराची श्रद्धा हा घराचा विषय आहे आणि तिचे मोल रुपयांत करण्याचे कारण नाही. मात्र ज्यांना हा काळ टाळायचा आहे त्यांनी डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गाडी घ्यावी. अथवा संक्रांतीनंतर घेताना नव्या निर्मितीचा आग्रह धरावा. जुन्या निर्मितीची गाडीच मिळत असेल तर डिसेंबरची सवलत संक्रांतीनंतरही निःसंकोच मागावी. शिल्लक साठा काढण्याची घाई विक्रेत्याला तेव्हाही असतेच.

व्यापाऱ्याला डिसेंबरपेक्षा महत्त्वाची तारीख आहे ती ३१ मार्च. धंद्यासाठी वापरायच्या मोटारीवर आयकरात १५ टक्के घसारा मिळतो. त्या आर्थिक वर्षात ती १८० दिवसांपेक्षा कमी वापरली गेली असेल तर त्याच्या निम्मा, म्हणजे साडेसात टक्के. पूर्ण घसारा हवा असेल तर गाडी ३ ऑक्टोबरपर्यंत वापरात यावी लागते. ज्या वर्षी दसरा त्यानंतर येतो, त्या वर्षी दसऱ्याची गाडी निम्म्या घसाऱ्याचीच ठरते.

गुढीपाडवा २०२५ मध्ये ३० मार्चला होता, तर २०२४ मध्ये ९ एप्रिलला. पाडवा एप्रिलमध्ये येणार असेल आणि गाडी मार्चमध्येच तयार असेल, तर त्या दहा-पंधरा दिवसांचा अर्थ समजून घ्यावा. १२ लाखांच्या गाडीवर मार्चमध्ये ९०,००० रुपये घसारा मिळतो. तीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्यास सुमारे २७,००० रुपयांचा कर त्या वर्षी वाचतो. एप्रिलपर्यंत थांबल्यास हा लाभ बुडत नाही, लांबतो. पुढील वर्षांत तो थोडाथोडा मिळत राहतो. पाडव्यासाठी एवढी किंमत मोजण्यास कोणी तयार असेल तर हरकत नाही. पण ती जाणीवपूर्वक मोजावी. मार्चमध्ये नुसते बिल फाडून भागत नाही, गाडी नोंदवून धंद्याच्या वापरात आलेली असावी लागते. अनुमानित उत्पन्नाच्या योजनेखाली विवरणपत्र भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, कारण तेथे घसारा आधीच वजा झाला असे मानले जाते.

थांबणे केव्हा शहाणपणाचे?

थांबणे नेहमीच चुकीचे असते असे नव्हे. ३ सप्टेंबर २०२५ रोजी वस्तू व सेवा कर परिषदेने दरकपातीचा निर्णय घेतला आणि २२ सप्टेंबरपासून, घटस्थापनेच्या दिवशी, तो लागू झाला. लहान मोटारींवरील कर उपकरासह २९ ते ३१ टक्के होता, तो १८ टक्क्यांवर आला. त्या एकोणीस दिवसांत जे थांबले त्यांनी मोठी रक्कम वाचवली. हे थांबणे जाहीर झालेल्या निश्चित लाभासाठी होते.

याच्या उलट उदाहरण २०२० चे. बीएस-४ मानकाच्या गाड्या ३१ मार्च २०२० नंतर विकता वा नोंदवता येणार नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच दिला होता. त्या वर्षी गुढीपाडवा २५ मार्चला होता. आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. शोरूम बंद, परिवहन कार्यालये बंद. नोंदणी राहिलेल्या गाड्यांचा प्रश्न पुढे कित्येक महिने न्यायालयात रेंगाळला. सवलतीतील माल घ्यायचा आणि नोंदणी मात्र शेवटच्या आठवड्यावर ठेवायची, यातला धोका त्या वर्षी उघड झाला.

तेव्हा डिलिव्हरीची तारीख ठरवण्यापूर्वी चार गोष्टी कागदावर लिहाव्यात. गाडीच्या निर्मितीचा महिना व वर्ष, आज मिळणारी सवलत, गाडी किती वर्षे ठेवायची आहे, आणि ३१ मार्चपूर्वी ती धंद्याच्या वापरात येणार की नाही. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी चॅसिस क्रमांक मागून घ्यावा आणि आवारात जाऊन गाडी प्रत्यक्ष पाहावी. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीची बॅटरी आणि टायर तिची कथा सांगतात.

दुकानात माल घेताना आपण पाकिटावरील छापील तारीख पाहिल्यावाचून पैसे मोजत नाही. गाडी घेतानाही तीच सवय ठेवावी. मग वडील आणि मुलगा यांचा वाद पाच मिनिटांत मिटेल, आणि गाडी ज्या दिवशी दारात येईल तो दिवस घराला आनंदाचाच ठरेल.