जुनी हत्यारपेटी घेतांना

दाराची कडी बसवावी, टेबलाचा हलणारा पाय घट्ट करावा, एवढीच ज्याची हौस आहे त्या गृहस्थाच्या घरींही वर्षा-दोन वर्षांत करवत, रंधा, पाने, पकडी यांचा लहानसा संसार जमतो आणि तो ठेवावयाचा कोठें हा प्रश्न पडतो. नवी पत्र्याची पेटी बाजारांत मिळतेच. पण आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत आणखी एक मार्ग मोकळा आहे. यवतमाळ, वणी, पांढरकवडा हीं कापसाचीं गांवें. येथें जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने पिढ्यान्‌पिढ्या चालले. कापूस वाहणाऱ्या मूर्तिजापूरच्या लहान गाडीवर तर १५ एप्रिल १९९४ पर्यंत वाफेचें इंजिन होतें. यंत्र आलें कीं फिटर आला, आणि जवळच सागाचें रान असल्यामुळें त्याची पेटी पुष्कळदां सागवानी. अशा पेट्या भंगारवाल्याकडे किंवा एखाद्या वृद्ध कारागिराच्या घरीं अजूनही विक्रीस निघतात.

मी अशी एक पेटी मे महिन्यांत घेतली. विकणारानें नुकताच रंधा मारून चारही खण इतके बेताचे बसविले होते कीं, फट नांवाला दिसेना आणि बोटाच्या धक्क्यानें खण सरके. मी खूष झालों. जुलईच्या झडींत तेच खण असे अडकले कीं, ओढतां ओढतां मुठी हातांत आल्या. दिवाळीनंतर ते उघडले तेव्हां वडिलांच्या दोन पटाश्या गंजून गेल्या होत्या, आणि त्यांच्या पोलादी गुण्यावरचे आंकडे वाचतां येईनात.

कारण साधें आहे. लांकूड कापून कितीही वर्षें झालीं तरी तें हवेंतील ओल घेतें आणि सोडतें. लांबींत त्याला फारसा फरक पडत नाहीं. रुंदींत मात्र तें फुगतें व आकसतें. सागाची ही हालचाल इतर पुष्कळ लांकडांहून कमी. तरीही आमचा रखरखीत मे आणि ओला ऑगस्ट यांच्या दरम्यान पांच-सहा इंच उंचीची फळी अर्धें सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, वाढूं शकते. म्हणून उन्हाळ्यांत पेटी पाहावयास जाल तर सहा पोस्टकार्डें बरोबर न्या. तीं एकावर एक ठेवून उंच खणाच्या वरच्या फटींत सहज गेलीं पाहिजेत. पावसाळ्यांत पाहात असाल तर खण थोडा जड चालला म्हणून नाक मुरडूं नका.

दुसरी गोष्ट, पेटी उपडी करा. विकणारा पॉलिश दर्शनी भागास करतो; खरें काय तें तळाला आणि पाठीमागें दिसतें. सागाचा गाभा सोनेरी-तपकिरी, हाताला किंचित् तेलकट. वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीं. पण त्याच झाडाच्या बाहेरच्या फिकट भागाला तें संरक्षण नसतें, आणि काटकसरी सुतार तोच भाग मागें लावतो. तेथें चाकूचें टोंक दाबून पाहा. बारीक भोकांतून ताजा, पिठासारखा भुसा गळत असेल तर किडा जिवंत आहे. पेटी तेथेंच सोडा. भोकें काळवंडलेलीं व कोरडीं असतील तर चिंता नको.

तळाची फळी कुजलेली असेल तर ती बदलतां येते. कोपऱ्यांचे सांधे ढिले असतील तर मात्र पुढें जाऊं नये. सगळी पेटी उकलून पुन्हा जोडण्याची मजुरी तिच्या किंमतीवर जाते. दोरीनें दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर पेटी कलली आहे. कुलूप, बिजागऱ्या, मुठी यांवरून मत बनवूं नका, तीं नवीं मिळतात. जुना रंग असेल तर त्यांत शिसें असण्याचा संभव आहे. तो कोरडा घासून घरांत धूळ करूं नये, विशेषतः लहान मुलें असतील तर.

पेटी हत्यारांसकट मिळाली तर पान्यांवरील आंकडे पाहा. इंचांचे जुने व्हिटवर्थ पाने आजच्या मिलिमीटरच्या नटांना नीट बसत नाहींत, डोकीं मात्र झिजवितात. त्यांचे वेगळे पैसे मोजूं नका.

घरीं आणल्यावर खणांच्या सरकत्या कडांना मेण घासावें. आपल्याकडे सहज मिळणारें जवसाचें तेल पेटीच्या बाहेरून उत्तम. हत्यारांना मात्र तें नको, कारण तें वाळून चिकट थर धरतें. हत्यारांना यंत्राचें पातळ तेल पुसावें व प्रत्येक खणांत कापराची वडी ठेवावी. माझ्या पेटीचे खण मीं त्या हिंवाळ्यांत नव्हे, पुढच्या ऑगस्टांत, ते जेथें घासत होते तेवढेच रंधले. गुण्या अजून वरच्या खणांत आहे. मोजमापाला मी नवा वापरतों.